कोविडमधल्या फोनवरच्या समुपदेशनाचा आमच्या घरचा अनुभव (देवगड तालुका)

हॉटेलचे, मिक्सरचे रिव्ह्यू सगळे लिहितात, पण मनाला त्रास झाला तेव्हा ज्या नंबरवर फोन केला त्याचा रिव्ह्यू कोणी लिहिलेला मला दिसला नाही, म्हणून मी लिहितेय. आमच्या घरातून 2020 आणि 2021 मध्ये मिळून तीन ठिकाणी फोन झाले, दोन ठिकाणी निराशा झाली आणि एका ठिकाणी माझी सासू परत जेवायला लागली. पहिल्या दोन ठिकाणांची नावं मुद्दाम घेत नाही, त्या दिवसांत पलीकडे बसलेली माणसंपण दमलेली होती, त्यांना आता बोल लावायचा नाहीये. तिसऱ्या ठिकाणचंही नाव नको, कारण त्या मुलीला कोणी शोधत बसायला नको.

आधी आमची जागा सांगते म्हणजे पुढचं कळेल. देवगडपासून आत, खाली वाडी आणि वर सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं माळरान. घरात रेंज येत नाही. पडवीच्या कोपऱ्यात फोन कौलाला टेकवून ठेवला तर एखादा मेसेज येतो, बोलायचं असेल तर पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) चढून सड्यावर जावं लागतं. तिथे जांभ्याचे चार चिरे कोणीतरी रचून ठेवलेत, सगळी वाडी तिथे बसूनच बोलते. म्हणजे तुम्ही कोणाशी काय बोललात हे संध्याकाळपर्यंत खाली पोचलेलं असतं.

25 मार्च 2020 ला लॉकडाऊन लागला तेव्हा आमचे हे मुंबईत होते, चाळीत एका खोलीत पाच जण, संडास कॉमन. मी इथे सासूसासरे आणि दोन मुलं घेऊन. रोज रात्री टीव्हीवर आकडे बघायचे, मग छातीत धडधड सुरू व्हायची, हात गार पडायचे, आणि मला वाटायचं की मलाच झालाय कोविड. मे महिन्यात हे पास काढून गावी आले तर गावच्या कृती दलाने त्यांना चौदा दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवलं. ते बरोबरच होतं, नियमच तसा होता, पण ज्या वाटेने गणपतीला चाकरमानी येतात म्हणून आम्ही दिवे लावतो त्याच वाटेवर बांबू आडवा टाकलेला बघून मला फार लागलं. मी डबा शाळेच्या पायरीवर ठेवायचे आणि दहा पावलं मागे जाऊन उभी राहायचे, मग हे येऊन डबा उचलायचे. मुलगा लांबून हाक मारायचा. तेव्हापासून माझी झोप गेली ती गेलीच.

आमच्या आशाताईंनी एका चिठ्ठीवर नंबर लिहून दिला, म्हणाल्या हा फोन कर, मन मोकळं होईल. मी सड्यावर जाऊन लावला. आधी हिंदीत रेकॉर्डिंग, मग इंग्रजीत, एक दाबा दोन दाबा, मग गाणं वाजत राहिलं. वीस मिनिटांच्या वर मी ते गाणं ऐकलं, उन्हात, डोक्यावर पदर घेऊन. मग एक साहेब आले आणि हिंदीत विचारायला लागले की ताप आहे का, खोकला आहे का, परदेशातून कोणी आलंय का. मी म्हटलं हो माझे मिस्टर मुंबईहून आलेत पण मला ताप नाही, मला झोप लागत नाही, भीती वाटते. ते म्हणाले घाबरू नका, हात धुवा, बातम्या कमी बघा, आणि लाईन कट झाली. त्यांनी ठेवला की रेंज गेली ते कळलं नाही. परत लावला तर परत पहिल्यापासून एक दाबा दोन दाबा.

त्यांचा वैयक्तिक दोष मला तेव्हाही वाटला नाही. त्या नंबरवर सगळंच चाललं होतं, टेस्ट कुठे करायची, पास कसा काढायचा, रेशन कुठे मिळेल, आणि त्यातच मनाचंही. तापाची चौकशी करणारा आणि मनाचं ऐकणारा माणूस एकच ठेवला की दुसरं काम मागे पडतं, कारण तापाचे प्रश्न कागदावर लिहिलेले असतात आणि भीतीचे नसतात. पण माझ्यासारख्या बाईला असा एकदा अनुभव आला की ती परत फोन करत नाही. मी वर्षभर केला नाही.

दुसरा प्रकार व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या याद्यांचा. 2021 च्या एप्रिलमध्ये अशी एक लांबलचक यादी माझ्याकडे तीन ग्रुपवरून आली, मोफत समुपदेशन, चोवीस तास वगैरे. त्यातले चार नंबर मी लावले. दोन बंद. एक सतत बिझी. एक लागला तर पलीकडचे काका म्हणाले, ताई मी गेल्या वर्षी महिनाभर स्वयंसेवक होतो, आता मी नाही तिथे, पण यादी अजून फिरतेय आणि मला रात्री दोनला फोन येतात. बिचारे चांगले बोलले, पाच मिनिटं ऐकूनपण घेतलं. ज्यांनी ही यादी बनवली त्यांचा हेतू चांगला असेल, पण यादीवर तारीख नव्हती, कोण चालवतं ते नव्हतं, वेळ नव्हती. बुडत्या माणसाकडे कुजलेला दोर टाकल्यासारखं आहे हे. म्हणून कृपा करून जुनी यादी फॉरवर्ड करताना आधी एकदा स्वतः फोन लावून बघा.

आता तिसरा नंबर, ज्यासाठी हे सगळं लिहितेय.

एप्रिलच्या मध्यात माझ्या सासऱ्यांना ताप आला. ऑक्सिजन खाली गेला, अँब्युलन्सने नेलं, नऊ दिवस होते. शेवटचं बोलणं वॉर्डमधल्या सिस्टरच्या मोबाईलवर झालं, त्यात ते एवढंच म्हणाले की खालच्या कलमांचे आंबे काढून घ्या, पाऊस लवकर येईल. त्यांना घरी आणलं नाही. आमचे हे आणि एक चुलत दीर, दोघेच गेले, ते पण लांबून. अकरावं बारावं घरातल्या घरात. ज्या माणसाने पन्नास वर्षं वाडीतल्या प्रत्येक मयताला खांदा दिला त्याला खांदा द्यायला चार माणसं नव्हती, हे माझ्या सासूच्या मनात बसलं ते बसलं.

ती रडली नाही. बोलणं बंद केलं. पेज दिली तर दोन घास, नाहीतर ताट तसंच. रात्री उठून आतल्या खोलीत अढीजवळ, म्हणजे आंबे पिकत घातलेल्या जागी, जाऊन बसायची. आमच्याकडे आंबे पिकत घालायचं काम सासऱ्यांचं, भाताच्या पेंढ्यात थर लावायचे, रोज सकाळी वास घेऊन, हाताने चाचपून कुठला काढायचा ते ठरवायचे, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. ते गेल्यावर कोणी बघितलंच नाही. आंबे तिथेच उतरायला लागले, घरभर आंबूस वास, चिलटं, आणि ही अंधारात त्यासमोर बसलेली. मी साफ करायला गेले तर माझा हात धरला, इतका घट्ट की बोटं उमटली.

शेजारचे म्हणाले बाहेरचं काहीतरी असेल. गाऱ्हाणं घातलं आम्ही, मनोभावे घातलं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, देवळं बंद होती तरी घोवाने (आमच्या ह्यांनी) बाहेरच्या पायरीवर नारळ ठेवला. पण कोणीतरी असंही बोललं की आता रत्नागिरीक न्या. राज्यात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी, आणि आपल्या दक्षिण कोकणात ते एक असल्यामुळे त्या गावाचं नावच लोक शिवीसारखं वापरतात. ते ऐकल्यावर सासूने दार लावून घेतलं. तिथे उपचार होतात, माणसं बरी होऊन घरी येतात, हे कोण सांगणार तिला.

मग माझ्या मुंबईच्या नणंदेने एक नंबर दिला, तिच्या ऑफिसमधल्या कोणीतरी वापरलेला. मी सड्यावर गेले. तीन रिंगमध्ये उचलला, मराठीत. आणि पहिला प्रश्न काय असेल? नाव नाही, वय नाही. ती मुलगी म्हणाली, ताई, आत्ता तुम्हाला बोलायला मोकळी जागा आहे का, आजूबाजूला कोणी ऐकतंय का, असेल तर तुम्ही फक्त हो नाही म्हणा, मी विचारत जाते. मी इकडे तिकडे बघितलं तर खरंच दोन चिरे सोडून एक जण बसलेला होता. पहिली दहा मिनिटं मी नुसतं हो नाही केलं. तो उठून गेल्यावर मी जे रडले ते मला आठवतं, आणि ती मध्ये एक शब्द बोलली नाही, फक्त मधूनमधून म्हणायची, आहे मी, लाईनवर आहे.

तिने मला औषध सांगितलं नाही. त्या समुपदेशक असतात, गोळी लिहून द्यायचं काम डॉक्टरचं, आणि डॉक्टरांनी फोनवरून कसं तपासायचं याचे नियम सरकारने 25 मार्च 2020 लाच काढलेत, त्यामुळे गरज पडली तर मानसोपचार डॉक्टरशी फोनवर जोडून देऊ असं ती म्हणाली. माझ्या धडधडीबद्दल तिने श्वास कसा घ्यायचा ते माझ्याबरोबर स्वतः करून दाखवलं, मोजत. मग म्हणाली की आईंशी मी बोलू का, पण त्यांना विचारून, फसवून फोन हातात देऊ नका.

विचारलं. सासू म्हणाली, "माका काय धाड भरलीहा? मी कोणाशी बोलूचंय नाय." दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी काय वाटलं कोण जाणे, स्वतःच काठी घेऊन पाखाडी चढायला लागली. मी मागून पळत गेले. स्पीकरवर लावला. मुलगी नेहमीसारखी शुद्ध मराठीत, आजी, कशा आहात तुम्ही, काय वाटतंय तुम्हाला. सासू गप्प. कसं वाटतंय हा प्रश्नच तिला आयुष्यात कोणी विचारलेला नव्हता, ती काय उत्तर देणार. एक मिनिट असंच गेलं असेल, आणि मग ती मुलगी एकदम म्हणाली, "आजी, मी कुडाळची. तुमी मालवणीत बोला, माका सगळा समजता. आज जेवलात काय?"

सासूने मान वर केली. "पेज खाल्लंय."

"बरा केलात. आणि अढीत आंबे कोण बघता मगे?" हे मी तिला आधी सांगितलेलं होतं, तिने लक्षात ठेवलं होतं.

"कोण बघतला? बघणारो गेलो."

आणि तिथे, सड्यावर, भर उन्हात, सतरा दिवसांनी माझी सासू रडली. मोठ्याने, छाती बडवून, जसं मयताला रडतात तसं. तो सूर घरात कोणाला काढायलाच मिळाला नव्हता. ती मुलगी रडू नका म्हणाली नाही. शेवटी रडं ओसरल्यावर तिने सरळ विचारलं, "जीव देवचो असो विचार मनात येता काय?" माझ्या अंगावर काटा आला, असं कोणी तोंडावर विचारतं का. सासू म्हणाली, येता. मला हे घरात राहून कळलं नव्हतं. मग तिने मला काय करायचं ते नीट सांगितलं, रात्री तिला एकटं झोपवायचं नाही, कोणीतरी त्याच खोलीत, पहिले काही दिवस सतत सोबत, आणि त्याच संध्याकाळी डॉक्टरशी बोलणं करून दिलं. मी नंतर विचारलं की असं सरळ विचारल्याने डोक्यात नसलेलं भरवल्यासारखं नाही का होत. ती म्हणाली नाही ताई, उलट विचारलं की माणूस एकटा राहत नाही त्या विचाराबरोबर. हे मला वाटतं प्रत्येक घरात माहीत पाहिजे.

पुढचा कॉल 17 मे ला ठरला होता. 16 मे ला तौक्ते आलं. किनाऱ्याला समांतर वर सरकत गेलं ते वादळ, पण जाता जाता आमची कलमं मोडली, पोल पडले, लाईट गेली आणि टॉवर मेला. कितीतरी दिवस काही नाही. सासू रोज मला विचारायची, त्या चेडवाचो फोन इलो काय. ज्या बाईला बोलायचंच नव्हतं ती वाट बघत होती. टॉवर चालू झाला त्या दिवशी सड्यावर फोन धरला आणि टिंग टिंग करत मिस्ड कॉलचे मेसेज पडायला लागले. मी मोजले, अकरा. सगळे एकाच नंबरचे, रोज एक, कधी दोन. मी लावायच्या आत परत तिचाच फोन आला, आणि तिचं पहिलं वाक्य, "आजी बऱ्या आसत मा?"

मला जर कोणी विचारलं की चांगली हेल्पलाइन कशी ओळखायची तर मी हे अकरा मिस्ड कॉल दाखवीन. फोन उचलणारे बरेच असतात. परत लावणारे कमी. आमच्यासारख्या ठिकाणी माणूस एकदा सड्यावर चढून धाडस करतो, ते फुकट गेलं की दुसऱ्यांदा चढत नाही, म्हणून परत फोन करायची जबाबदारी त्यांनी घेतली पाहिजे, आपल्यावर टाकून चालत नाही.

सहा कॉल झाले एकूण. जूनमध्ये सासूने स्वतः अढी उपसली, नासके आंबे परड्यात पुरले, बाठे वेगळे काढले. मी मदतीला गेले तर या वेळी हात धरला नाही.

तक्रार म्हणाल तर आहे. नंबर दहा आकडी मोबाईलचा होता, रिचार्ज संपला की आउटगोइंग बंद, तेव्हा रिचार्जला दुकान उघडं मिळायची मारामार. वेळ ठरलेली होती, रात्रीची सोय नव्हती, आणि ज्याला झोप नाही त्याला रात्रच खायला उठते. आणि मालवणी बोलणारी मिळाली हे आमचं नशीब, दुसऱ्या कोणाला दुसरी कोणी मिळाली असती. मला वाटतं कोकणातल्या माणसांसाठी फोनवर बसवताना एक तरी इथली बोली समजणारी असावी हे ठरवूनच करायला हवं. घरात मालवणी बोलणाऱ्या म्हातारीला प्रमाण मराठी समजतं, पण त्या भाषेत तिला रडता येत नाही.

आता सरकारी बाजू, कारण त्यानंतर बरंच बदललंय. कोविड सुरू झाला तेव्हा बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेने एक नंबर काढला होता, मग 7 सप्टेंबर 2020 ला केंद्राचा किरण नावाचा टोल फ्री आला, 13 भाषांत. तेव्हा आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं, आमच्यापर्यंत चिठ्ठी आणि व्हॉट्सअॅपच आलं. 10 ऑक्टोबर 2022 ला, मानसिक आरोग्य दिनाला, टेलिमानस ही केंद्राची फोनवरची मानसिक आरोग्य सेवा सुरू झाली, नंबर 14416, फुकट, चोवीस तास, 20 भाषांत. हा मी स्वतः वापरलाय. गेल्या पावसाळ्यात माझी झोप परत उडाली, जुनं सगळं वर आलं, रात्री दोन वाजता पडवीत फोन कौलाला लावून उभी राहून केला, नशिबाने दोन काड्या रेंज होती. मराठी निवडलं, लागला. बाई शांत होत्या, घाई केली नाही, अर्धा तास बोलल्या. आधी समुपदेशक बोलतात, त्यांना वाटलं की पुढे तज्ज्ञांकडे द्यायला हवं तर देतात, अशी दोन पायऱ्यांची रचना आहे. मला जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्याच्या ओपीडीत जायला सुचवलं, मी गेले, बरं झालं गेले ते. 14416 लागला नाही तर 1800-891-4416 हा पण त्यांचाच आहे.

ज्यांना भीती वाटते की नाव फुटेल, त्यांच्यासाठी: 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात आपली माहिती गुप्त राहणं हा आपला हक्क म्हणून लिहिलाय. आणि नाव न सांगताही बोलता येतं, माझ्या सासूचं नाव त्या कुडाळच्या मुलीने कधीच विचारलं नाही, शेवटपर्यंत आजीच म्हणाली.

स्टार द्यायचे तर पहिल्या नंबरला एक, तो पण उन्हात बसलेल्या बाईला शेवटी माणसाचा आवाज तरी ऐकू आला म्हणून. यादीला शून्य. तिसऱ्याला पाच. टेलिमानसला माझ्या एका अनुभवावरून पाच, फक्त त्याची पाटी ग्रामपंचायतीत, रेशन दुकानात, एसटी स्टँडवर मोठ्या अक्षरात लागली पाहिजे, आमच्या इथे मी स्वतः खडूने सड्यावरच्या चिऱ्यावर लिहिलाय तो नंबर. पावसात पुसतो. मग सासू आठवण करते आणि मी परत लिहून येते.